फाईलनावाचा आकृतिबंध आणि अनुवादकाची जागा

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाजवळ आज पुस्तकांच्या कपाटाखेरीज आणखी एक संग्रह असतो, आणि तो बहुधा कपाटाहून मोठा असतो. संगणकावरील या संग्रहातील फायली निरनिराळ्या वाटांनी आलेल्या असतात. काही विकत घेतलेल्या, काही डिजिटल ग्रंथसंग्रहांतून उतरवून घेतलेल्या, काही स्वतः स्कॅन केलेल्या. प्रत्येक फाईलला कोणीतरी, कधीतरी, घाईघाईत का होईना, एक नाव दिलेले असते. हा संग्रह एखाद्या ग्रंथालय-प्रणालीत भरावयाचा झाला की त्या नावांचे वाचन माणूस न करता यंत्र करते. प्रस्तुत लेखात या वाचनाचा विचार करावयाचा आहे. विषय वरकरणी तांत्रिक वाटेल. परंतु ज्याला दोन भाषांतील दोन संहिता शेजारी ठेवून वाचावयाच्या आहेत, त्याच्या दृष्टीने फाईलनावातील कोणती माहिती प्रणालीत पोहोचते आणि कोणती वाटेत गळते, हा संहितेच्या ओळखीचाच प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते स्वतःच्याच गाफीलपणामुळे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'गीतांजली'च्या दोन पीडीएफ प्रती संग्रहात होत्या. एक १९१० च्या बंगाली काव्यसंग्रहाची आणि दुसरी १९१२ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने काढलेल्या इंग्रजी पुस्तकाची. दोन्ही फायलींना 'गीतांजली - रवींद्रनाथ ठाकूर' असे एकच नाव होते. त्या वेगळ्या फोल्डरांत असल्यामुळे आजवर काही अडले नव्हते. प्रणालीत भरल्यानंतर मात्र एकच 'गीतांजली' उरली. शीर्षक तेच, लेखक तोच, भाषेची नोंद कोठेच नाही, तेव्हा दुसरी प्रत ही पहिलीचीच पुनरावृत्ती असे ठरवून प्रणालीने ती बाजूला सारली होती. वस्तुतः इंग्रजी 'गीतांजली' ही बंगाली 'गीतांजली'चा सरळ अनुवादही नव्हे. तिच्यातील १०३ रचनांपैकी निम्म्याच्या आसपास रचना बंगाली 'गीतांजली'तील असून उरलेल्या 'गीतिमाल्य', 'नैवेद्य', 'खेया' इत्यादी संग्रहांतून घेतलेल्या आहेत. ही दोन पुस्तके एक नव्हेत, एवढे समजावून देण्यात आपल्या वर्गातील एक तासिका खर्ची पडते. यंत्राने तो प्रश्न क्षणार्धात आणि उलट बाजूने सोडवला होता. सुदैवाने मूळ फोल्डर पुसलेला नव्हता.

येथे उदाहरणादाखल घेतलेली प्रणाली म्हणजे कॅलिबर. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये, सोनी कंपनीच्या ई-वाचकयंत्रासाठी हे काम आरंभिले. २००८ मध्ये त्याला 'कॅलिबर' हे नाव मिळाले. ती मुक्त प्रणाली असल्याने विनामूल्य मिळते, आणि वैयक्तिक ई-संग्रहासाठी तिचा वापर जगभर होतो. तिची एक रीत आरंभीच ध्यानात ठेवावयास हवी. कॅलिबर फाईल जागच्या जागी ठेवून तिची केवळ नोंद करीत नाही. ती फाईलची प्रत आपल्या ग्रंथसंग्रहाच्या फोल्डरात घेते आणि त्या प्रतीला लेखक व शीर्षक यांवरून स्वतः नवे नाव देते. मूळ फाईलनाव त्या प्रतीपुरते नाहीसे होते. त्या नावात जे होते पण प्रणालीने वाचले नाही, ते संग्रहात उरत नाही.

वाचनाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रणाली फाईलच्या पोटात शिरून तेथे नोंदलेली माहिती उचलते. दुसरीत ती केवळ फाईलनाव वाचते. पसंतीच्या रचनेत 'ॲडिंग बुक्स' या विभागात त्यांपैकी एक निवडता येते. ईपब स्वरूपाच्या फाईलबाबत पहिली पद्धत सामान्यतः भरवशाची असते, कारण ईपबच्या आत शीर्षक, कर्ता, भाषा यांची नोंद डब्लिन कोअर या संकेतानुसार केलेली असते आणि भाषेची नोंद तेथे अनिवार्य असते. पीडीएफची गोष्ट वेगळी. स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफच्या पोटात बहुधा काहीच नसते, किंवा स्कॅन करणाऱ्या यंत्राचे नाव असते. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपीसारख्या फॉन्टांतून जुळवलेल्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफमधून तर शीर्षकाऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक पुंजका बाहेर येतो. अशा वेळी फाईलनावाचाच आधार उरतो, आणि भारतीय भाषांच्या अभ्यासकाचा मोठा संग्रह नेमका याच जातीचा असतो.

फाईलनाव वाचण्यासाठी प्रणालीला एक आकृतिबंध द्यावा लागतो. संगणकाच्या परिभाषेत त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. कॅलिबरमध्ये मुळातच दिलेला आकृतिबंध देवनागरीत उतरवला तर असा दिसेल :

(?पी<शीर्षक>.+) - (?पी<लेखक>[^_]+)

प्रत्यक्षात 'पी' हे अक्षर आणि टोककंसांतील नावे रोमन लिपीत व इंग्रजीत लिहावी लागतात. वाचनाची रीत अवघड नाही. प्रत्येक वाटोळा कंस हा एक गट असून टोककंसांत त्या गटाचे नाव आहे, आणि त्या गटात जे सापडेल ते त्या नावाच्या रकान्यात जाते. पूर्णविराम म्हणजे कोणतेही एक चिन्ह, आणि त्यापुढील अधिकचिन्ह म्हणजे 'एक किंवा अनेक वेळा'. चौकोनी कंसातील मजकुराचा अर्थ 'अधोरेषा सोडून कोणतेही चिन्ह' असा आहे, म्हणून लेखकनामानंतर अधोरेषा देऊन काही अंक जोडले असतील तर ते गळून पडतात. दोन गटांच्या मधोमध जागा, आडवी रेघ, जागा अशी तीन चिन्हे आहेत. सगळा भार या रेघेवर आहे. आकृतिबंध जुळला नाही तर संपूर्ण फाईलनाव शीर्षकात जाते आणि लेखक 'अज्ञात' ठरतो.

मराठी टंकलेखनाच्या सवयीत ही रेघ फसवी आहे. शब्दसंस्कारक पुष्कळदा आखूड रेघेच्या जागी आपोआप लांब रेघ घालतो. तेथून उचललेले नाव फाईलला दिले की डोळ्यांना फरक कळत नाही, परंतु यंत्राच्या लेखी ते वेगळेच चिन्ह असते. दुसरी अडचण शीर्षकातच रेघ असण्याची. अधिकचिन्ह हे स्वभावतः हावरे आहे. ते जितके घेता येईल तितके घेते. त्यामुळे शीर्षक आधी लिहिण्याच्या पद्धतीत शीर्षकातील रेघ सुरक्षित राहते, कारण पहिला गट शेवटच्या रेघेपर्यंत धावतो. परंतु आपण ग्रंथसूचीच्या शिस्तीप्रमाणे लेखक आधी लिहू लागलो, तर हाच हावरेपणा उलटतो आणि अर्धे शीर्षक लेखकाच्या पदरात जाते. अधिकचिन्हापुढे प्रश्नचिन्ह जोडले म्हणजे तो गट संयमी होतो आणि पहिल्याच रेघेशी थांबतो. लेखक आधी लिहिणाऱ्याने हे एक प्रश्नचिन्ह विसरू नये.

आता या रेघेचा अर्थ काय, ते पाहू. मराठीत ग्रंथ आणि व्यक्ती यांचा संबंध विभक्तिप्रत्यय सांगतो, किंवा 'रचित', 'संपादित', 'अनुवादित' यांसारखे पद सांगते. रेघ यांपैकी काहीच सांगत नाही. रेघेच्या उजवीकडे जो आहे तो लेखक, एवढेच ती गृहीत धरते. विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी संपादिलेली तुकारामांची गाथा इंदुप्रकाशाने १८६९ मध्ये छापावयास आरंभ केला. या ग्रंथात तुकाराम हे ग्रंथाच्या नावाचाच भाग आहेत आणि मुखपृष्ठावरील व्यक्ती संपादक आहे. फाईलनाव देणाऱ्याने रेघेपुढे पंडितांचे नाव लिहिले तर गाथेचे कर्तृत्व त्यांच्याकडे जाते. तुकारामांचे लिहिले तर संपादनाचे संपूर्ण श्रेय नाहीसे होते, आणि गाथेच्या निरनिराळ्या संपादनांतील पाठभेद ज्याला तपासावयाचे आहेत त्याच्यापुढे एकाच नावाच्या पाच-सहा नोंदी उभ्या राहतात.

संपादकाची ही अवस्था, तर अनुवादकाची अधिकच बिकट. कॅलिबरचा आकृतिबंध ज्या गटांची नावे ओळखतो ते मोजके आहेत : शीर्षक, लेखक, मालिका, मालिकेतील क्रमांक, आयएसबीएन, प्रकाशक, प्रकाशनाची तारीख आणि टिप्पणी. यांत अनुवादक नाही, भाषाही नाही. ही प्रणालीकर्त्याची चूक म्हणता येणार नाही. एका भाषेतील कथा-कादंबऱ्यांचा वाचक डोळ्यांसमोर असेल तर मालिकेचा क्रमांक अनुवादकापेक्षा अधिक उपयोगी असतो. परंतु आपल्या विद्याशाखेच्या दृष्टीने ही यादी म्हणजे साहित्यव्यवहाराविषयीचे एक गृहीतक आहे : ग्रंथाला एक भाषा असते आणि एक लेखक असतो.

यू. आर. अनंतमूर्ती यांची कन्नड कादंबरी 'संस्कार' १९६५ ची. ए. के. रामानुजन यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९७६ मध्ये, त्याच नावाने प्रसिद्ध झाला. रूढ आकृतिबंधात दोन्ही फायलींची नोंद एकच होईल आणि रामानुजन कोठेच दिसणार नाहीत. याउलट वचनकारांच्या कन्नड वचनांचा त्यांचा 'स्पीकिंग ऑफ शिव' (१९७३) हा अनुवादग्रंथ पहा. तेथे मूळ कर्ते अनेक, त्यामुळे रेघेपुढे सहजच रामानुजनांचे नाव लिहिले जाते. एकच व्यक्ती, एकच कार्य, परंतु एका फाईलीत ती लेखक होते आणि दुसरीत अदृश्य. दिलीप चित्रे यांचे 'सेज तुका' (१९९१) काहींच्या संग्रहात चित्र्यांच्या नावावर असते, काहींच्या तुकारामांच्या. दोघांचेही म्हणणे एका अर्थी खरे आहे. मात्र एकाच संग्रहात दोन्ही पद्धती मिसळल्या, तर 'विसाव्या शतकातील इंग्रजी अनुवाद' असा साधा शोध घेणेही अशक्य होते.

नावांच्या मांडणीतही असेच एक गृहीतक दडलेले आहे. लेखक वाचून झाला की कॅलिबर वर्गवारीसाठी त्याच्या नावाचे दुसरे रूप स्वतः बनवते. शेवटचा शब्द आडनाव समजून तो पुढे आणते व त्यानंतर स्वल्पविराम देते. 'पु. ल. देशपांडे' हे 'देशपांडे, पु. ल.' झाले तर तक्रार नाही. परंतु 'तुकाराम महाराज' हे 'महाराज, तुकाराम' होतात, आणि 'म'च्या खाली ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास असे सर्व महाराज एकत्र येतात. हा मेळावा रम्य असला तरी निरुपयोगी आहे. तेलुगूत घराण्याचे नाव आधी येते. विश्वनाथ सत्यनारायण यांतील 'विश्वनाथ' हे घराण्याचे नाव होय, पण यंत्र 'सत्यनारायण' पुढे आणते. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या नावातील 'तकळी' हे गावाचे नाव, आणि मलयाळी वाचक त्यांना त्याच नावाने ओळखतो. आर. के. नारायण यांच्या नावात तर आपण समजतो त्या अर्थाचे आडनावच नाही. भारतीय नावांच्या या वैविध्याचा विचार ग्रंथालयशास्त्राने फार पूर्वी केला आहे. रंगनाथन यांचा 'हेडिंग अँड कॅनन्स' हा ग्रंथ १९५५ चा. १९६१ च्या पॅरिस येथील परिषदेने व्यक्तिनामाची नोंद ज्या त्या देशाच्या व भाषेच्या रूढीप्रमाणे व्हावी हे तत्त्व मान्य केले. सूचिकाराने साठ वर्षांपूर्वी मिळवलेले हे शहाणपण संगणकाच्या खटपटीत आपल्याला पुन्हा पहिल्यापासून मिळवावे लागत आहे. कॅलिबरमध्ये प्रत्येक लेखकाचे वर्गवारी-रूप हाताने बदलता येते, आणि भारतीय संग्रहात ते बदलावेच लागते.

टोपणनावांबाबत मात्र प्रस्तुत लेखकाचे मत प्रचलित सल्ल्याच्या विरुद्ध आहे. 'विशाखा' (१९४२) कुसुमाग्रजांची आणि 'नटसम्राट' (१९७०) वि. वा. शिरवाडकरांचे. दोन्ही नावे एकत्र करून टाकावीत असे सुचवले जाते. तसे करू नये. कवी आणि नाटककार ही दोन रूपे लेखकाने स्वतः वेगळी ठेवली होती. मुखपृष्ठावर जे नाव आहे तेच फाईलनावात असावे आणि दोहोंचा संबंध टिप्पणीत नोंदवावा. एकत्र करावयाचेच तर 'वि. वा. शिरवाडकर' आणि मधली जागा न सोडता लिहिलेले 'वि.वा. शिरवाडकर' हे दोघे करावेत. यंत्र त्यांनाही दोन व्यक्ती मानते.

'गीतांजली'च्या प्रकरणी दोन पुस्तकांचे एक झाले. एका पुस्तकाची दोन होण्याचा प्रकारही मराठीत वारंवार घडतो, आणि त्याचे कारण लिपीच्या संकेतनात आहे. आचार्य अत्रे यांच्या 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्राचे उदाहरण घ्या. त्यातील अर्धा 'र' संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो. खाली टिंब असलेला 'ऱ' व हलन्त ही एक रीत, आणि साधा 'र', हलन्त व त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह ही दुसरी. छापलेले रूप तेच, संकेतांक निराळे. तशीच गत 'ॲ'ची. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या, आणि नंतरच्याही, अनेक फायलींत ते 'अ' आणि चंद्र यांच्या जोडणीने लिहिलेले आढळते. आत्मचरित्राचे खंड दोन ठिकाणांहून मिळवले, तर पहिला खंड एका नावाखाली आणि दुसरा दिसावयास तंतोतंत तशाच पण वेगळ्या नावाखाली जातो. शोधपट्टीत नाव टंकित करणाऱ्याला त्यांपैकी एकच सापडतो, आणि दुसरा आपल्याजवळ नाहीच अशी त्याची समजूत होते. तेव्हा आयातीपूर्वी फाईलनावांतील अशी अक्षरे एकाच पद्धतीची करून घ्यावीत. याच कारणास्तव आकृतिबंधात 'शब्दातील अक्षर' या अर्थाचा, तिरप्या रेघेने सुरू होणारा संकेत टाळावा. पायथन भाषेच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन-विभागात तो संकेत देवनागरीतील काना-मात्रांना अक्षर मानत नाही आणि शब्द मध्येच तुटतो. त्याऐवजी पूर्णविराम, किंवा 'रेघ सोडून काहीही' असा निषेधात्मक गट वापरावा.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पातील जी पुस्तके आज इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात, त्यांच्या फाईलनावांचा येथे स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. त्यांत आधी '२०१५' हा आकडा, मग पूर्णविराम, मग एक अनुक्रमांक, पुन्हा पूर्णविराम आणि शेवटी रोमन लिपीतील शीर्षक अशी रचना आढळते. लेखकाचे नाव त्यात नसते. शीर्षकाचे रोमनीकरणही ठायी ठायी निराळे असते, म्हणून ते अंकांचे शेपूट छाटून स्वच्छ शीर्षक ठेवण्याचा मोह होतो. परंतु ती विशिष्ट प्रत मूळ संग्रहात पुन्हा शोधण्याचा सर्वांत नेमका दुवा तो अनुक्रमांक हाच असतो. आवृत्ती कोणती, पाने कोठे गळाली आहेत, हे पडताळावयाचे झाल्यास त्याच्याकडेच यावे लागते. प्रणाली मूळ नाव टाकून देते हे वर आलेच आहे. म्हणून या फायलींसाठी वेगळा आकृतिबंध करून अंकांचा गट टिप्पणीच्या रकान्यात उतरवून घ्यावा. आकृतिबंध कितीही वेळा बदलता येत असल्याने प्रत्येक उगमाच्या फायली वेगळ्या तुकडीने भरणे हेच श्रेयस्कर.

हाच टिप्पणीचा रकाना अनुवादकासाठीही उपयोगी पडतो. प्रस्तुत लेखकाने अखेर जी रीत पत्करली ती अशी. फाईलनाव पाच भागांचे करावे : लेखक, शीर्षक, अनुवादक वा संपादक, भाषेचे संक्षिप्त रूप आणि वर्ष. भाग जागा-रेघ-जागा यांनी वेगळे करावेत आणि व्यक्तीच्या नावाआधी 'अनु.' किंवा 'संपा.' असे लिहावे. मूळ ग्रंथाच्या फाईलीत तिसऱ्या भागात 'मूळ' एवढाच शब्द असावा. तो भाग रिकामा ठेवला तर आकृतिबंध जुळत नाही. आकृतिबंधात पहिला गट लेखक, दुसरा शीर्षक, तिसरा व चौथा भाग मिळून टिप्पणी आणि शेवटचा गट प्रकाशनकाळ. वर्ष इंग्रजी अंकांत लिहिणे सुरक्षित. आयातीनंतर कॅलिबरमध्ये 'अनुवादक' आणि 'संपादक' असे दोन स्वतंत्र रकाने निर्माण करता येतात, आणि अनेक नोंदी एकत्र निवडून, शोधा-व-बदला या सोयीने, टिप्पणीतील 'अनु.' पुढचे नाव त्या रकान्यात हलवता येते. भाषेची नोंदही तेव्हाच भरावी. ती भरली की नंतर येणारी दुसऱ्या भाषेतील, स्वतःची भाषा सांगणारी ईपब पहिलीची पुनरावृत्ती ठरत नाही. तोवर आपोआप विलीनीकरणाची सोय बंद ठेवावी. अनुवादकाचे नाव लेखकाच्या रकान्यातच जोडून मोकळे होण्याचा एक सोपा मार्गही आहे, आणि अनेकजण तो पत्करतात. त्याने नाव वाचते हे खरे, पण नाते हरवते, आणि रामानुजन 'संस्कार'चे सहलेखक होऊन बसतात.

आकृतिबंधाच्या चौकटीजवळच फाईलनाव टंकित करून तो तपासण्याची जागा असते. तेथे सोप्या नावांवर समाधान मानू नये. लांब शीर्षकाचे एक नाटक, शीर्षकातच रेघ असलेले एक पुस्तक, 'ऱ' असलेले एक नाव, दोन संपादकांचा एक संग्रह, एक तेलुगू लेखक आणि एखादी निनावी पोथी, एवढ्यांची परीक्षा आधी घ्यावी. पोथीपाशी बहुतेक आकृतिबंध अडतात. तिला मुखपृष्ठ नसते, तिचे नाव, कर्ता, लेखनिक आणि काळ ही सारी माहिती अखेरच्या पुष्पिकेत असते, आणि नकलाकार व कर्ता या दोघांनाही तेथे आपापली जागा असते. 'नामा' या नावाची रचना असेल तर ती तेराव्या-चौदाव्या शतकातील नामदेवांची की सोळाव्या शतकातील विष्णुदास नाम्याची, हे फाईलनाव देण्याआधीच ठरवावे लागते. ठरत नसेल तर लेखकाच्या भागात 'नामा' एवढेच लिहून शंका तिसऱ्या भागात, टिप्पणीत जाईल अशा बेताने, नोंदवावी.